भाऊसाहेबांचं दुखणं

कुत्रं आजारी पडलं की कळतं. ते खाण्याकडे पाठ फिरवतं, कोपरा धरतं, डोळ्यांनी सांगतं. मांजर कुठेतरी दडी मारून बसतं, तेही कळतं. शंखातला खेकडा आजारी पडला की गप्प बसतो, आणि ठणठणीत असला तरी गप्पच बसतो. दिवसभर वाळूत नाहीतर करवंटीखाली, आणि रात्री सगळं घर झोपलं की बाहेर. म्हणून त्याचं दुखणंखुपणं काढणाऱ्याला आधी एकच गोष्ट यावी लागते : काहीही दिसत नसताना बघत बसणं. आमच्या घरात ते फक्त आप्पांना जमलं.

आप्पा माझे सासरे. मूळचे हर्णैचे. उभी नोकरी एस.टी.त झाली, शेवटची वर्षं डेपोत कंट्रोलर म्हणून. सासूबाई गेल्यावर ते एकटेच आमच्याकडे न्यू जर्सीला, एडिसनला, यायला लागले. व्हिसावर जितके महिने मिळतील तितके राहायचे आणि परत जायचे. इथल्या बाकड्यांवर भारतातून आलेल्या आजोबांची बैठक भरते, गुडघे आणि सुना हे तिथले मुख्य विषय. आप्पा त्यात रमले नाहीत. ओक ट्री रोडवरच्या दुकानांतून हिंडून भाजीचे भाव रुपयांत करून बघणं, हा त्यांचा एक उद्योग होता. तोही लवकरच संपला.

२०१६च्या उन्हाळ्यात आम्ही त्यांना सीसाइड हाइट्सला नेलं. जर्सीच्या किनाऱ्यावर समुद्राला समांतर लाकडी फळ्यांचा लांबलचक रस्ता आहे. त्यावर पाळणे, तळलेले पदार्थ, नेमबाजीची दुकानं, आणि अधूनमधून तारेच्या पिंजऱ्यांच्या रांगा. पिंजऱ्यांत शंखांचे ढीग. कशावर फुटबॉल संघाचं चिन्ह, कशावर हसरा चेहरा, कशावर स्पायडरमॅन. जरा निरखून पाहिलं की ढीग हलतो. पाटी लावलेली : पिंजरा घ्या, खेकडा फुकट. आमची सई तेव्हा नऊ वर्षांची होती, म्हणजे पुढे काय झालं हे सांगायला नको. आप्पा मात्र वाकून वाकून पिंजऱ्यात बघत होते. "यांचं पाणी कुठाय?" त्यांनी मराठीतच विचारलं. मी भाषांतर केलं. दुकानातल्या पोराने ओल्या स्पंजाच्या तुकड्याकडे बोट दाखवलं. "स्पंज चोखतात काय हे?" आप्पा म्हणाले. याचं भाषांतर मी केलं नाही.

दोन खेकडे घरी आले. लहानगीचं नाव सईने चिमी ठेवलं. मोठ्याची डावी नांगी जांभळी आणि दांडगी होती. शंखात शिरला की तीच दारासारखी लावून घ्यायचा, आणि बाहेर आला की ती पुढे टेकवून असा बसायचा की जणू अर्ज घेऊन माणसं येणार आहेत. आप्पांनी त्याला भाऊसाहेब म्हणायला सुरुवात केली.

हे खेकडे कॅरिबियन बेटांकडचे. शास्त्रीय नाव सिनोबिटा क्लिपिॲटस. हर्णैच्या खडकांत ओहोटीला जे चिमुकले शंख धावताना दिसतात त्यांचे हे भाऊबंद, पण जमिनीवर राहायला आलेले. पाण्यात बुडवून ठेवले तर मरतात. तरीही श्वास घेतात तो कल्ल्यांनीच, आणि कल्ले ओले असले तरच चालतात. त्यासाठी हवेत ऐंशी टक्क्यांच्या आसपास दमटपणा लागतो. तारेच्या पिंजऱ्यात, ए.सी.च्या खोलीत, त्याचा श्वास थोडा थोडा कमी होत जातो. यात आठवडे जातात, कधी महिने. म्हणून घरातले म्हणतात, काल तर बरा होता, अचानक गेला. अचानक काही नसतं. दुकानात आलेला जवळजवळ प्रत्येक खेकडा रानातून पकडून आणलेला असतो, कारण यांची पैदास घरात होत नाही म्हटलं तरी चालेल : मादी समुद्राच्या कडेला जाऊन अंडी पाण्यात सोडते, पिल्लं आठवडेच्या आठवडे पाण्यात तरंगतात, रूपं बदलतात, आणि मग मुगाएवढा शंख शोधून किनाऱ्यावर चढतात. निसर्गात हा प्राणी तीस वर्षंसुद्धा जगतो. फळ्यांच्या रस्त्यावर विकलेल्यांपैकी पुष्कळांना पुढचा उन्हाळा दिसत नाही.

सईने लायब्ररीतून पुस्तकं आणली, मी वाचून दाखवली. ऐंशी टक्के ऐकल्यावर आप्पा म्हणाले, "म्हणजे आपला जून." आणि कामाला लागले. पिंजरा गेला, काचेची टाकी आली. वाळूत नारळाचा भुसा मिसळून, किल्ला करता येईल इतपत ओली करून ती वीतभर खोल भरली. पाण्याची दोन भांडी, एक गोडं, एक खारं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारायला थेंब मिळतात, ते टाकायचे. खारं पाणी जेवणातल्या मिठाचं चालत नाही, मत्स्यालयाचं समुद्री मीठ लागतं. गरम होणारी पट्टी टाकीच्या मागच्या काचेला लावायची, खाली नाही, नाहीतर वाळूत पुरून बसलेला शिजून निघेल. एडिसनच्या जानेवारीत घरातल्या हीटिंगने आमचे ओठ फुटायचे, आणि तळघरातल्या त्या काचेच्या आत बारा महिने जून चालू असायचा.

खाणं हा आप्पांचा खास प्रांत. पाळीव प्राण्यांच्या दुकानातल्या गोळ्या त्यांनी वास घेऊन बाजूला ठेवल्या. ओलं खोबरं, केळं, बिनमिठाचा सुका जवळा, ओकची वाळकी पानं, अंड्याचं कवच कुटून. पक्ष्यांसाठी म्हणून पाकिटात विकतात ते समुद्रफेन पाहून तर त्यांना गावचं कुणी भेटल्यासारखं झालं. खोबऱ्यावर भाऊसाहेब तुटून पडायचे. "कोकणातलाच आहे हा, वाट चुकलाय," इति आप्पा.

आणि वही. चौकडीच्या कागदाची, लांबट. तारीख, वेळ, उष्णता, दमटपणा, शेरा. कंट्रोलरचा हात, त्यामुळे शेरे एस.टी.च्याच भाषेत : 'भाऊसाहेब मार्गस्थ रात्री ११.४०.' 'चिमी थांब्यावर.' 'भाऊसाहेबांचा शंखबदल, जुना जमा.' हा शेवटचा शेरा ज्या दिवशीचा आहे त्या दिवशी घरात जिलबी आणली होती. रंगवलेल्या शंखाचे पोपडे निघतात, ते पोटात जातात, म्हणून गोल तोंडाचे साधे शंख आम्ही टाकीत मांडून ठेवले होते. कितीतरी रात्री भाऊसाहेब त्यांत नांगी घालून मोजमाप घेत होते आणि परत स्पायडरमॅनमध्ये जात होते. सरकारी क्वार्टर सोडवत नाही तसं. मग एके रात्री पटकन निघाले, दुसऱ्यात शिरले. शंखाबाहेरचं ते अंग सईला दिसलंसुद्धा नाही, इतकं पटकन.

चिमी तोवर नव्हती. ती आली तीच आजारी होती, हे आता कळतं. आधी एक पाय वाळूत पडलेला दिसला. काही दिवसांनी दुसरा. फार ताण आला की हा प्राणी पाय सांध्यापासून स्वतःच सोडून देतो. जगला तर पुढच्या कात टाकण्यांत तो पुन्हा फुटतो. जगला तर. तिला औषध असं काहीच नव्हतं. प्लॅस्टिकची बाटली कापून तिचं कडं वाळूत रोवलं, त्यात तिला ठेवलं, वर टॉवेल, आत दोन बुचांत दोन पाणी. अंधार, ऊब, ओल, आणि हात न लावणं, एवढंच काय ते. सईला ते पटेना. "आपण काहीच करत नाही आहोत, आजोबा." आप्पा म्हणाले, "करतोय की. कुणी धक्का लावू नये म्हणून बसलोय ना?"

खेकडा मेला की नुसता निपचित आहे हे ओळखणं अवघड. कात टाकल्यावर जी साल पडून राहते तीही हुबेहूब मेलेल्या खेकड्यासारखी दिसते. डोळे, पाय, सगळं जागच्या जागी. त्यामुळे घाईने टाकून देऊ नये असं सगळे सांगतात. वास हीच परीक्षा. आप्पांनी हर्णैच्या वाळूवरच्या मासळीच्या लिलावात बालपण घालवलेलं. त्यांच्या नाकावर अपील नव्हतं. एके सकाळी त्यांनी टॉवेल उचलला, वाकले, आणि वहीत लिहायला गेले.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात भाऊसाहेब वाळूत खाली गेले. वर येईनात. कात टाकायला जातात हे वाचलेलं होतं, पण वाचणं वेगळं. रिकाम्या वाळूकडे बघत रोज भांडी बदलायची, खोबरं ठेवायचं, सकाळी ते तसंच उचलायचं. सईने चमचा हातात घेतला तेव्हा आप्पांनी तिचा हात धरला. उकरलं तर मरतो तो. आत सगळं अंग मऊ झालेलं असतं, जुनं कवच फाडून तो बाहेर येतो, ते कवचच खाऊन त्यातला चुना परत मिळवतो, आणि नवं टणक होईपर्यंत तिथेच पडून राहतो. सई रडवेली झाली, म्हणाली, मेला असेल तर? आप्पा म्हणाले, "सयू, गाडी लेट आहे. रद्द झाल्याचं कळवलेलं नाही." चौकशीच्या खिडकीत हे वाक्य हजारो लोकांना सांगून झालेलं, आणि सांगताना त्यांचा आवाज तसाच होता, ना धीर देणारा, ना वैतागलेला.

त्यांचा परतीचा दिवस आला तरी गाडी आली नाही. हर्णैहून फोन यायचा, आधी आमची चौकशी, मग "आले काय?" ज्या रात्री आले, तेव्हा तिकडे सकाळ होती. सईने फोन काचेला लावला. भाऊसाहेब लाल-तांबूस, नवेकोरे, नांगीवर एक ओरखडा नाही, पाण्याच्या भांड्यात उभे राहून शंख भरून घेत होते. पलीकडून आप्पांचा शेजाऱ्याला सांगतानाचा आवाज ऐकू आला, "आले, आले!" शेजाऱ्याला वाटलं असणार की मुलगा अमेरिकेहून आला.

मधल्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. लोकांना कळलं की आमच्याकडे टाकी आहे, मग नकोसे झालेले खेकडे येऊ लागले. मूल मोठं झालं, घर बदललं, वास येतो. चार-पाच असे आले. काही टिकले, काही नाही. आप्पा आले की वही पुढे चालू, गेले की माझं अक्षर.

२०१९च्या हिवाळ्यात आप्पा इथेच होते तेव्हा भाऊसाहेब बिघडले. खाली न जाता वरच बसून राहिले. मग अर्धे शंखाबाहेर लोंबू लागले, नांगी आत घेईनात. हात जवळ नेला तरी दार लावलं नाही. हे वाईट लक्षण. परदेशी प्राण्यांवर उपचार करणाऱ्या एका दवाखान्यात फोन केला. तिथल्या बाई प्रेमाने म्हणाल्या की सरडे, कासवं, पोपट बघतो, खेकडे नाही. पुन्हा बाटलीचं कडं, टॉवेल, दोन बुचं. आप्पांनी खाट तळघरात हलवली.

मी त्यांना बेलफास्टच्या रॉबर्ट एलवूड यांच्याबद्दल सांगितलं. २००९ साली त्यांनी आणि मिर्यम आपेल यांनी शंखातल्या खेकड्यांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. शंखात विजेचा बारीक झटका दिला की काही खेकडे शंख सोडून निघत. पण शंख आवडीच्या जातीचा असला तर सोडणारे कमी. झटका सोसून आत राहिलेल्यांपुढे नवा शंख ठेवला, तर ते इतरांपेक्षा लवकर त्यात जात. म्हणजे ही नुसती दचकून आखडण्याची क्रिया नव्हे. सोसायचं किती आणि कशासाठी, याचा काहीतरी हिशेब आत चालतो. (ब्रिटनने पुढे २०२२च्या कायद्यात खेकडे-शेवंडांना संवेदना असलेले प्राणी मानलं. ते आप्पांना सांगायचं राहिलं.) आप्पांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे कळायला झटके द्यावे लागले?"

मला वाटतं प्रश्न चुकीचा नव्हता, आणि प्रयोगही नव्हता. ज्याला आवाज नाही, चेहरा नाही, त्याचं दुखणं कुणीतरी आकड्यांत मांडल्याशिवाय कायद्याच्या पुस्तकात जात नाही. पण रात्री दोन वाजता टॉवेलचा कोपरा उचलून बघणाऱ्या माणसाला ते आकडे लागत नाहीत.

जानेवारीत भाऊसाहेब गेले. शंख उचलला आणि ते घरंगळून बाहेर आले. जिवंतपणी त्यांना ओढून काढलं असतं तर तुटले असते, पण सुटले नसते. शेपटाकडच्या आकड्यांनी शंखाचा आतला खांब इतका घट्ट धरलेला असतो. आता धरवत नव्हतं. तेव्हा आम्ही त्यांचं पोट पहिल्यांदा पाहिलं. नांगीशी काही नातं नसल्यासारखं मऊ, गुलाबी, एका बाजूला वळलेलं. सई पुढे आली तसा आप्पांनी त्यावर तळहात धरला. "नको बघू. त्याला आवडायचं नाही."

शंख धुवायचा म्हणून टाकीच्या कडेला राहिला होता, तो आत पडला की कुणी ठेवला कोण जाणे. दुसऱ्या सकाळी त्यात दुसरा खेकडा होता. त्याच्या जुन्या शंखात त्याहून छोटा. सई संतापली. एक दिवससुद्धा थांबले नाहीत, म्हणाली. आप्पांनी वहीत लिहिलं, 'शंखबदल दोन', आणि पोहे खायला वर आले.

फेब्रुवारीत ते परत गेले. पुढे अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या लीआ वॅल्डेस आणि मार्क लेड्री यांचा अभ्यास सईनेच शोधून काढला. कोस्टा रिकाच्या किनाऱ्यावर त्यांनी मेलेल्या खेकड्याच्या मांसाचे तुकडे ठेवून पाहिले. वासावर जिवंत खेकडे झुंडीने आले. खायला नव्हे, कुणीतरी मेलं म्हणजे कुठेतरी शंख रिकामा झाला, म्हणून. शंख ते स्वतः बनवू शकत नाहीत, गोगलगायीसारख्या कुणीतरी मागे ठेवलेलाच मिळतो, आणि जमिनीवर तर चांगला शंख दुर्मीळ. सईने हे फोनवर आजोबांना वाचून दाखवलं. तिचा राग गेला होता की नाही, मला सांगता येणार नाही. पण तिने लगेच दुसरंही वाचून दाखवलं. हिंदी महासागरात कोकोस म्हणून बेटं आहेत. जेनिफर लॅव्हर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे किनाऱ्यावर वाहून आलेल्या प्लॅस्टिकच्या बाटल्या तपासल्या. तोंड वर करून तिरक्या पडलेल्या बाटलीत खेकडा शिरतो, गुळगुळीत भिंतीवरून बाहेर चढता येत नाही, मरतो. त्याचा वास सुटतो. घर रिकामं झालं असं समजून दुसरा येतो. एकाच डब्यात पाचशे सव्वीस सापडले. त्यांच्या अंदाजाने त्या बेटांवर अशा अडकलेल्यांची संख्या पाच लाखांवर आहे.

पलीकडे आप्पा गप्प होते. मग म्हणाले, "तोंड वर करून?" त्यानंतर सकाळी फिरायला जाताना ते पिशवी न्यायचे आणि पुळणीवर दिसेल ती बाटली उचलायचे. हर्णैला त्या जातीचे खेकडे नाहीत, हे मी त्यांना सांगितलं होतं. "असू दे," म्हणाले.

२०२१च्या एप्रिलमध्ये आप्पांना ताप आला. ती कोरोनाची दुसरी लाट होती. आम्ही इथे, जाणं अवघड, गेलो तरी परत येता येईल याची खात्री नव्हती. भाचा त्यांना गाडीत घालून घेऊन गेला, त्यालाही वॉर्डाच्या दारात थांबवलं. सकाळ-संध्याकाळ तो फोन करायचा आणि ऑक्सिजनचा आकडा सांगायचा. पहिल्या दिवशी लिहून घ्यायला हाताशी काही नव्हतं म्हणून सईने वहीच उघडली. तारीख, वेळ, आकडा. एक्क्याण्णव. अठ्ठ्याऐंशी. शेऱ्याचा रकाना तिने मोकळा ठेवला. त्याच पानांवर दुसऱ्या शाईत टाकीचाही आकडा आहे, ऐंशी, एक्क्याऐंशी, ऐंशी. तो कधी हलला नाही. मे महिना लागायच्या आत आप्पा गेले. अंत्यदर्शन फोनवर झालं, तेही लांबून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं.

हर्णैचं घर तेव्हापासून बंद आहे. सात-बारावर तिघांची नावं आहेत, तिघांत एकमत होत नाही. मागल्या वर्षी जाऊन आलो तेव्हा मागच्या पडवीचे वासे गेले होते. खेकड्यांना एक रात्र लागली, आम्हाला अजून तलाठी भेटायचा आहे.

सई आता कॉलेजला बाहेरगावी असते. टाकी माझ्याकडे आहे. त्यात सध्या तीन खेकडे आहेत, तिघेही दुसऱ्यांकडून आलेले, आणि भाऊसाहेबांच्या शंखातला सगळ्यात मोठा झाला आहे. मराठी मंडळाच्या गणपतीत कुणी ना कुणी विचारतं, मुलांना असले खेकडे हवे आहेत, सोपं असतं का हो? सोपं नसतं. स्वस्त दिसतं, कारण खेकडा फुकट मिळतो. खर्च सगळा त्याच्या हवेवर आहे. उन्हाळ्यात किनाऱ्यावर जाल, पोरं त्या पिंजऱ्यांपाशी हटून बसतील. त्यांना पाळण्यात बसवा, आइसक्रीम द्या, पण तिथून खेकडा घेऊ नका. जितके विकले जातील तितके पुढच्या वर्षी पुन्हा पकडून आणतात. आणि सांभाळायचाच असेल, तर आधी नुसती टाकी मांडा, महिनाभर तिच्यातला दमटपणा रोज लिहून बघा. आकडा टिकला तर मग मला फोन करा. नको झालेले दोन-तीन कुणाकडे ना कुणाकडे असतातच, मी पत्ता देईन.